ओझं जागेवर राहावं म्हणून

नोव्हेंबर लागला की सांगलीजवळच्या कुपवाडच्या रस्त्यांवरून दोन तऱ्हेचं ओझं शेजारी शेजारी जाऊ लागतं. एमआयडीसीतून फौंड्रीचे ओतीव भाग, हळदीची पोती, शीतगृहातल्या बेदाण्याच्या पेट्या घेऊन ट्रक आणि टेम्पो बाहेर पडतात. आसपासच्या गावांतून एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे निघतो. या गाड्यांचं इंजिन, टायर, ॲव्हरेज यांवर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. त्यांच्यावरचा माल कसा बांधलाय, याची चर्चा अपघात झाल्यावरच होते. वास्तविक ही बांधणी म्हणजे एक स्वतंत्र विद्या आहे आणि तिच्यामागे पक्कं गणित आहे. ती ज्यांच्या हातात आहे त्या हमालांना, क्लीनरना, ट्रॅक्टरवाल्यांना ती कुणी बसवून शिकवलेली नाही. ते बघून आणि ठेचा खाऊन शिकले.

पहिला गैरसमज दोराबद्दलचा. हौद्यावरून आडवा टाकून आवळलेला दोर माल धरून ठेवतो, असं आपल्याला वाटतं. तो प्रत्यक्षात मालाला खाली दाबत असतो. दाब वाढला की माल आणि हौद्याचा तळ यांच्यातलं घर्षण वाढतं, आणि मालाला जागेवर ठेवतं ते हे घर्षण. युरोप-अमेरिकेतले मालबांधणीचे नियम असं धरून चालतात, की ब्रेक जोरात लागला तर मालाला त्याच्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे ढकललं जातं आणि वळणावर ५० टक्के जोराने बाजूला. हे आकडे मनात ठेवून एक टनाचा ओतीव भाग लोखंडी तळावर ठेवलाय असं समजा. ब्रेक लागताच त्याला ८०० किलोचा रेटा बसतो. लोखंडावर लोखंड, त्यात थोडं तेल किंवा धूळ. घर्षण फार तर ३०० किलो पेलेल. उरलेल्या ५०० किलोंची सोय बांधणाऱ्याने करायची. एक पट्टा दोन्ही बाजूंना ४०० किलोच्या ताणाने आवळला, तर तो मालाला ८०० किलोने दाबतो, पण घर्षणात त्यातले जेमतेम २४० किलोच उतरतात. म्हणजे दोन पट्टेसुद्धा अपुरे, तीन हवेत. आता त्याच भागाखाली जाड रबराचं मॅटिंग टाका. घर्षण दुप्पट होतं, नुसत्या वजनानेच ६०० किलो पेलले जातात आणि उरलेल्यासाठी एक पट्टा पुरतो. दुसरा जास्तीचा म्हणून लावावा. रबराचा एक तुकडा दोन पट्ट्यांचं काम करतो, ही गोष्ट माल भरणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या गेटवर लिहून ठेवावी इतकी मोलाची आहे.

माल पुढच्या फळीला टेकवून भरला तर काम आणखी सोपं होतं, कारण मग ब्रेकचा रेटा ती फळी घेते. मध्ये मोकळी जागा राहिली की माल आधी वेग पकडतो आणि मग आदळतो. वेग दुप्पट झाला तर आदळण्यातली ऊर्जा चौपट होते. म्हणून जाणते लोक मोकळ्या जागेत लाकडी ठोकळे ठोकतात आणि गोल मालाला दोन्हीकडून पाचरी मारतात. या लाकडाच्या कामाला दोराइतकंच महत्त्व आहे. कोनाचंही तसंच. दोर मालावरून खाली सरळ उभा उतरत असेल तर त्याचा सगळा ताण दाबण्यात जातो. ठेंगण्या, पसरट मालावरून तोच दोर तीस अंशांच्या कोनात तिरका उतरला, तर निम्माच ताण कामी येतो. पत्र्याच्या ठेंगण्या थप्पीवर चार दोर टाकलेले पाहून आपण निर्धास्त होतो, पण त्यांची किंमत दोन दोरांइतकीच असते.

हे झालं घट्ट, जड मालाचं. पोत्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे माल स्वतःच बांधणीचा भाग असतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची थप्पी लावताना हमाल एका थरातली पोती उभी टाकतो, वरच्या थरातली आडवी. प्रत्येक पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर बसतं आणि थप्पी वर जाताना किंचित आत झुकत जाते. अशी थप्पी दोर नसतानाही पुष्कळ धक्के सोसते. ही कारागिरी डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसाची आहे, आणि त्या माणसाला कायद्याने ओळख मिळायला १९६९ साल उजाडावं लागलं. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील मुंबईच्या बंदर-बाजारांतल्या कामगारांना संघटित करत होते. त्या लढ्यातून महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला. मजुरी, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी या गोष्टी त्याने आणल्या. थप्पी लावण्याच्या कसबाची मोजदाद मात्र कुठल्या दरपत्रकात होत नाही, आणि ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दोराकडे वळू. नायलॉन येण्याआधी आपल्याकडे दोर वळले जायचे ते अंबाडीचे, तागाचे आणि घायपाताच्या वाखाचे. घायपात बांधावर वाढायचा. त्याची पानं कुजवून, झोडून वाख काढायचा आणि त्याला पीळ देऊन कासरे, दावी, सोल, नाडे बनायचे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं ते मातंग समाजातल्या कारागिरांनी. बैलगाडीवरचा कडबा असो, मोटेचा नाडा असो, गावातलं सगळं ओढण्या-बांधण्याचं काम त्यांच्या हातच्या पिळावर चालायचं. वाखाच्या दोराचे दोन गुण आजच्या दोरात नाहीत. तो खरबरीत असल्याने गाठ सरकत नाही, आणि ओला झाला की आखडून आणखी आवळतो. तोटे अर्थातच होते. तो कुजायचा आणि त्याच जाडीच्या नायलॉनपुढे ताकदीत कमी पडायचा.

आज दुकानात ज्याला सरसकट नायलॉनची दोरी म्हणतात, ती निळी किंवा पिवळी दोरी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती स्वस्त आणि हलकी असते, पाण्यावर तरंगते, पण उन्हात लवकर मरते. तिच्यावर पांढरी भुकटी धरू लागली, बोटांनी चोळल्यावर तंतू तुटू लागले, की तिला ओझ्यावर घालू नये. खरं नायलॉन मजबूत असतं, पण ताणलं जातं आणि भिजल्यावर त्याची थोडी ताकद जाते. खड्ड्यांतून गाडी उसळत जात असताना ताणला जाणारा दोर थोडा थोडा सैल होत राहतो. म्हणून दात्याच्या खटक्याने आवळायचे जे रॅचेट पट्टे आता मिळतात, ते पॉलिएस्टरचे असतात. पॉलिएस्टर फार कमी ताणतं. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवर त्याची सुरक्षित मर्यादा छापलेली असते. चिठ्ठी फाटलेला पट्टा परदेशात तपासणीत बाद करतात. ओतीव भागाच्या धारदार कडेवरून पट्टा गेला तर तो कापला जातो, म्हणून कडेखाली जुन्या टायरचा तुकडा किंवा कोपऱ्याची पट्टी घालायची. आपल्याकडे टायरचे तुकडे फुकट पडलेले असतात आणि तरी घातले जात नाहीत, याचं वाईट वाटतं.

पट्टे परवडत नाहीत त्यांच्याकडे गाठ आहे. जगभरचे ट्रकवाले एक गाठ मारतात. दोराच्या मधल्या भागात एक फास करायचा, टोक खाली हौद्याच्या हुकातून फिरवून वर त्या फासातून काढायचं आणि खाली ओढायचं. दोर आपल्याच अंगातून कप्पीसारखा वळतो. कागदावर माणसाच्या ओढीच्या तिप्पट ताण येतो. घर्षणात बराच जातो, पण नुसत्या हाताने आवळण्यापेक्षा खूप जास्त उरतो. टोक बांधताना आधी खुंटाला दोन-तीन वेढे द्यावेत, निरगाठ नंतर. वेढ्यांचं गणित थक्क करणारं आहे. दोर आणि खुंटातलं घर्षण मध्यम असेल तर एक पूर्ण वेढा ताण साडेसहा पटीने कमी करतो, दोन वेढे चाळीस पटींहून जास्त. ही वाढ बेरजेची नाही, गुणाकाराची आहे. बंदरावर एकटा माणूस खुंटाला वेढे देऊन जहाज थोपवतो, त्याचं कारण हेच.

आता ऊस. सांगली-कोल्हापूरकडच्या ओढगाड्यांमध्ये सर्वांत कठीण बांधणी उसाच्या ट्रॉलीची आहे. ऊस गुळगुळीत आणि लांब असतो, आणि मोळीतल्या मोळीत सरकतो. तोडणी टोळीतली माणसं वाढ्याने बांधलेल्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढतात आणि ट्रॉली भरत नेतात. कित्येक ठिकाणी तळाशी आधीच वायररोप टाकलेले असतात. कारखान्यात क्रेन त्याच रोपांनी ऊस उचलून गव्हाणीकडे टाकते. ट्रॉली बाजूच्या खुंटांच्या वर भरली की खुंट कामाचे राहत नाहीत, वरच्या थरांना फक्त दोर उरतो. फडातून पाणंदीने बाहेर येताना चाक खड्ड्यात गेलं की सगळा ऊस क्षणभर उसळतो. त्या क्षणी मालाचा तळावरचा दाब शून्य होतो, म्हणजे घर्षणही शून्य होतं. वरच्या मोळ्या सरकतात त्या याच क्षणी. पडतात मात्र नंतर, डांबरी रस्त्यावर, पुढच्या वळणाला, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यापुढे.

भार कुठे ठेवला हेही बांधणीतच येतं. दोन चाकांच्या ट्रॉलीत ओझं मागे जास्त झालं तर गाडी उलाळ होते, ट्रॅक्टरचा हुक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. बैलगाडीवाल्यांना हे पूर्वापार माहीत होतं. धुरेवर किती भार ठेवायचा हे ते जू हाताने उचलून ठरवत. दोन ट्रॉल्यांत हा प्रश्न आणखी अवघड होतो. ट्रॅक्टरने थोडं वळण घेतलं की मागची ट्रॉली जास्त झोकांडते, आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले तर उतारावर पंधरा-वीस टनांचं ओझं ट्रॅक्टरला मागून रेटतं. अशा वेळी ट्रॅक्टर आडवा होतो. या दोषावर दोरात उपाय नाही. उपाय आहे तो कमी भरण्यात आणि हळू चालवण्यात.

हा मागून रेटा येण्याचा प्रश्न बर्फावरही तसाच आहे. बर्फावरच्या मोटारस्कूटरमागे, म्हणजे स्नोमोबाइलमागे, सामानाची स्लेज ओढतात तेव्हा जोडायला सहसा दोर वापरत नाहीत, लोखंडी दांडा वापरतात. दोर असेल तर उतारावर किंवा ब्रेक लागताच स्लेज पुढे घसरून चालवणाऱ्याच्या पाठीत बसते. सामान भरताना जड वस्तू खाली आणि मध्यावर, सगळ्यावर ताडपत्री, तिच्यावर आडवेतिडवे पट्टे. पाणंदीसारखंच बर्फावरही सामान उसळतं, त्यामुळे नुसत्या घर्षणाच्या भरवशावर राहता येत नाही, चारी बाजूंनी गुंडाळावंच लागतं. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची कामुटिक नावाची लाकडी स्लेज या विद्येतला सर्वांत सुंदर नमुना आहे. तिचे लांब धावक आणि आडव्या फळ्या खिळ्यांनी जोडत नाहीत, सीलच्या कातड्याच्या वादीने किंवा दोराने बांधतात. खडबडीत बर्फावर खिळा निसटला असता किंवा लाकूड फुटलं असतं. बांधलेला सांधा थोडा हलतो आणि टिकतो. आपल्या देशाचाही या कामाशी संबंध आहे. अंटार्क्टिकाला पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९८९ पासून चालू असलेल्या ‘मैत्री’ केंद्राची रसद जहाजावरून उतरल्यावर सुमारे शंभर किलोमीटर बर्फावरून स्लेजवर ओढत न्यावी लागते. या मोहिमांची आखणी होते वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात, कुपवाडहून घाट उतरलं की दिवसभराच्या अंतरावर.

काही माल बांधताच येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पाण्याला दोर लावता येत नाही, म्हणून टाकी पूर्ण भरणं हीच त्याची बांधणी. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी ब्रेक लागताच पुढे धावून आदळतं. पेट्रोल-डिझेलच्या टँकरमध्ये आत आडव्या पडद्या असतात त्या यासाठीच. मिरजेच्या तानपुऱ्याचं याच्या अगदी उलट. तिथे आवळणं हाच धोका. भोपळ्यावर पट्टा आला की तो तडकणार. त्याला सर्व बाजूंनी मऊ आधार देऊन खोक्यात बसवायचं आणि पट्टा लावायचा तो खोक्याला.

कायदा दंडाबाबत कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. हौद्याबाहेर माल काढला तरी २०,००० रुपये. ट्रकच्या मागे बाहेर काढलेल्या लोखंडी सळ्यांनी कितीतरी माणसं गेल्यानंतर, २०१४ साली, केंद्राने अशा सळ्या बाहेर काढण्याची मुभा काढून घेतली. गाळप हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम दरवर्षी होते, आणि ती जीव वाचवणारी आहे. पण हे सगळं मालाचं वजन आणि आकार यांच्यापाशी थांबतं. ताण किती, दोर किती, तपासणी कधी, याबद्दल ट्रॅक्टरवाल्याशी कुणी बोलत नाही.

अमेरिकेत ट्रकचालकाने निघाल्यापासून पहिल्या ५० मैलांत, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत, थांबून बांधणी तपासायची असा नियम आहे. पुढे दर तीन तासांनी किंवा १५० मैलांनी पुन्हा. त्यामागे साधं कारण आहे. माल बसतो, दोर ताणतो, आणि सुरुवातीला घट्ट असलेली बांधणी थोड्याच अंतरात सैल होते. आपल्याकडे ऊस सहसा ८० किलोमीटर जात नाही. त्याची पहिली तपासणी पाणंद संपून डांबरी लागते तिथेच व्हायला हवी, कारण सगळ्यात मोठे धक्के तिथवर बसून गेलेले असतात. दुसरी तपासणी कारखान्याच्या रांगेत. ट्रॉली तिथे रात्रभर उभी राहते, तोडलेला ऊस सुकतो, मोळ्या खाली बसतात आणि संध्याकाळी ताणलेला दोर सकाळी हाताने हलवता येतो. हंगामाआधी कारखान्यांचे शेती विभाग वाहतूकदारांशी करार करतात. त्याच दिवशी आवारात एक भरलेली ट्रॉली उभी करून, वेढा कसा द्यायचा, ट्रकवाल्यांची गाठ कशी मारायची, मेलेला दोर कसा ओळखायचा, हे जाणत्या हमालाकडून आणि जुन्या गाडीवानाकडून एक तासभर करून दाखवावं. त्या तासाचा मेहनताना त्यांना द्यावा, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या हातून ती गाठ एकदा मारून घ्यावी.