करास मतदारांचा कौल

कर बसविण्याचा अखत्यार सरकारचा आणि भरणा करणे तेवढे रयतेचे, ही व्यवस्था आपल्या अंगवळणी पडलेली असली, तरी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली मतदारांच्या थेट मतदानाने ‘प्रस्ताव १३’ संमत होऊन मालमत्ताकराचा सर्वसाधारण दर शेकडा एकवर मर्यादित झाला, आणि पुढे १९९६ च्या ‘प्रस्ताव २१८’ने मालमत्तेशी निगडित नवीन शुल्कांनाही मालकांच्या बहुमताची किंवा दोनतृतीयांश मतदारांच्या संमतीची अट घातली. पाणी, मलनिःसारण व कचरा यांना मात्र या मतदानातून सूट आहे. तेथे बहुसंख्य मालकांनी लेखी हरकत घेतली, तरच शुल्क रद्द होते. ही सवलत मला शहाणपणाची वाटते, कारण गटारे तुंबल्यावर मतपेट्यांची वाट पाहणे प्रजेच्या आरोग्यास परवडणारे नाही.

तंबाखूचा प्रश्न अधिक नाजूक. २०१६ च्या नोव्हेंबरात मतदारांनीच ‘प्रस्ताव ५६’ संमत करून सिगारेटच्या पाकिटावरील राज्यकर ८७ सेंटांवरून २ डॉलर ८७ सेंटांवर नेला. मत सर्वांचे, भार मात्र धूम्रपान करणाऱ्यांचा, आणि त्यांतही निर्धनास तो अधिक जाचतो. तथापि उत्पन्नाचा मोठा हिस्सा गोरगरिबांच्या वैद्यकीय साहाय्याकडे वळविला गेल्याने या कराचे मी मनःपूर्वक समर्थन करतो.