सूर्य, हरभऱ्याएवढा

धुळ्यात सौरचुलीचं कुणाला नवल नाही, प्रा. अजय चांडक यांनी तर या चुलींवर वर्षानुवर्षं काम केलं. मे महिन्यात अशा अंतर्वक्र तबकडीच्या नाभीपाशी कागद धरला की तो बघता बघता पेटतो. पण त्याआधी त्यावर जो लख्ख ठिपका पडतो, तो नुसता उजेड नसतो. ती सूर्याची प्रतिमा असते, अगदी खरीखुरी आणि उलटी!

आता मोजायला बसू. 1 मीटर नाभीय अंतराचा उत्तम आरसा घेतला, तर ही प्रतिमा भरते जेमतेम 9 मिलिमीटर. हरभऱ्याचा दाणा. आणि मूळ सूर्य केवढा? व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर. मुंबई-पुणे 150 किलोमीटर धरलं, तर 9 हजारांहून जास्त खेपा, त्याही फक्त या काठावरून त्या काठावर जायला. एवढा ऐवज दाण्यात बसवायचा म्हणजे तो 15 हजार कोटी पटींनी लहान करायचा. 15 हजार कोटी रुपयांची रास डोळ्यांपुढे आणा आणि त्यातला एक रुपया उचला. आरसा तेवढंच ठेवतो. याच मापाने आपली पृथ्वी केली, तर ती केसाच्या जाडीएवढी उरेल. जळगाव, धुळे, सातपुडा, तापी, सगळं त्या केसावर!

हा ऐवज येतो तरी कुठून? 15 कोटी किलोमीटरवरून. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्याला न थांबता ताशी 100 किलोमीटरने थेट सूर्याकडे निघाली असती, तर 2023 सरता सरता कुठे पोहोचली असती. प्रकाश हेच अंतर 8 मिनिटं 20 सेकंदांत तोडतो. चहा उकळेपर्यंत हजर.

आता जरा हावरट होऊ. शिर्डीच्या प्रसादालयाने 73 तबकड्यांवर हजारोंचा स्वयंपाक केला; आपण अख्खा जळगाव जिल्हाच आरसा करू. 11 हजार 700 चौरस किलोमीटर! दिवसही निवडू 24-25 मेच्या आसपासचा, जेव्हा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. चौरस मीटरला 1 किलोवॉट ऊन धरा. एकूण झालं 1 कोटी 17 लाख मेगावॉट. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राचे 500 मेगावॉटचे 23 हजारांवर संच! 6 मीटर रुंद आणि 10 मीटर पाण्याची विहीर घ्या. अशा 140 विहिरी एका सेकंदात उकळीला येतील. (तसंही मेमध्ये आमच्या विहिरींत 10 मीटर पाणी कुठलं, तो भाग वेगळा.)

पण खरी कमाल आरशाची नाही, डोळ्यातल्या भिंगाची. त्याला पडद्यापर्यंत अंतर मिळतं फक्त 17 मिलिमीटर, आणि तेवढ्यात ते देवयानी दीर्घिका उतरवतं. तिचा प्रकाश सेकंदाला 3 लाख किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याच्या 2 हजार खेपा, या वेगाने निघाला आणि पोहोचायला त्याला 25 लाख वर्षं लागली. तो निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस जन्मालाही आला नव्हता! दीर्घिकेची रुंदी दीड लाख प्रकाशवर्षं. डोळ्याच्या पडद्यावर तिची प्रतिमा पडते फार तर 1 मिलिमीटरची, आणि तीत सुमारे एक लाख कोटी तारे!

सूर्याकडे मात्र आरशातून, भिंगातून किंवा नुसत्या डोळ्यांनीही पाहू नका. पाहायचंच असेल, तर देवयानीकडे पाहा: कार्तिक अमावास्येला सातपुड्यातल्या तोरणमाळला जा, रात्री आठ-नऊला भाद्रपदांचा चौकोन शोधा आणि त्याच्या ईशान्येचा तो अंधुक, धुरकट डाग बघा.