आडनाव वैद्य, मुक्काम टावर चौक

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा एकच अट घातली : मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार सोडून काहीही लिहा. ही अट ऐकून आपल्यापैकी निम्म्या सभासदांनी लेखणी खाली ठेवली असेल. अस्मादिकांना मात्र विषय दवाखान्याच्या दारावरच लटकलेला सापडला.

टावर चौकातल्या आमच्या दवाखान्याचा पत्र्याचा जुना फलक गंजून गेला, म्हणून गेल्या वर्षी फ्लेक्सचा नवा करायला टाकला. फलक वेळेवर आला, अक्षरे ठळक, रंग प्रसन्न. पण नाव होते ‘डॉ. वैध’. दुकानदाराला चूक दाखवली तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘साहब, कम्प्यूटर में ऐसे ही आता है.’’ त्या संध्याकाळी फलक पाहून आमचे एक सर्जन मित्र म्हणाले, ‘‘अरे, तू एकटा वैध, तर चौकातले बाकीचे आम्ही काय रे सगळे अवैध?’’ तेव्हापासून या आडनावाकडे मी जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. खरे म्हणजे त्याआधीच एका प्रसंगाने ते माझ्या डोक्यात घर करून बसले होते. त्याकडे येतो.

डॉक्टराचे आडनाव वैद्य असणे ही गंमत वाटते तितकी सोयीची नाही. फ्रीगंजात चाळीस वर्षे ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करूनही आठवड्यातून एकदा तरी कोणी खेड्यातला गृहस्थ येऊन नाडी पुढे करतो आणि चूर्ण मागतो. रक्त तपासायला सांगितले की त्याच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव उमटतो. हिंदी साहित्याचे वाचक असलेले मित्र ‘वैद्यजी’ अशी हाक मारून मिस्कील हसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) या कादंबरीतले वैद्यजी उभे असतात आणि ते काही फार आदर्श गृहस्थ नव्हेत.

हे नाव आले कोठून? आपल्याकडची आडनावे साधारणतः गावावरून, हुद्द्यावरून किंवा व्यवसायावरून पडली. ‘कर’ लागला की गाव सापडते. देशपांडे, कुलकर्णी, फडणीस, पोतनीस म्हटले की दफ्तर डोळ्यांपुढे येते. वैद्य हे नाव तिसऱ्या वर्गातले. ते एका जातीचे नाही, एका गोत्राचे नाही, एका कुलदैवताचेही नाही. कोकणात वैद्य आहेत, देशावर आहेत, नागपूरकडे आहेत. आणि मराठ्यांची सत्ता जिथे जिथे पोचली त्या बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन या शहरांतही आहेत. गुजरातेत याच अक्षरांनी लिहिणारे वैद्य आहेत, ते मूळचेच गुजराती. पंजाबातल्या मोह्याल ब्राह्मणांत ‘वैद’ हे कुळ आहे, राजस्थानच्या ओसवाल जैनांत ‘बैद’ हे गोत्र आहे. नेपाळातही वैद्य भेटतात. बंगालात प्रकार उलटा : तिथे अख्ख्या जातीलाच ‘वैद्य’ म्हणतात आणि त्यांची आडनावे असतात सेन, सेनगुप्त, दाशगुप्त. पारशी बांधवांनी तर आढेवेढे न घेता सरळ ‘डॉक्टर’ हेच आडनाव घेऊन टाकले. मुसलमानांत हकीम आणि तबीब ही आडनावे आहेत. हकीम या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘ज्ञानी’, हे आपल्या व्यवसायाला भूषणावहच. इंग्रजांत ‘लीच’ नावाची घराणी आहेत. लीच म्हणजे जळू, पण जुन्या इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ वैद्य असाही होता. आणि महाराष्ट्रात जडीबुटीची झोळी घेऊन गावोगाव फिरणारे वैदू! विद्या तीच, शब्दही जवळजवळ तोच. पण एकाच्या वाट्याला आडनावाची प्रतिष्ठा आली आणि दुसऱ्याची गणना भटक्या जमातींत झाली. याचे कारण औषधाच्या गुणात शोधू नये.

सन २००० मध्ये ब्रायन साइक्स या इंग्रज आनुवंशिकीतज्ज्ञाने स्वतःच्याच आडनावाच्या, परस्परांशी नाते ठाऊक नसलेल्या पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले. आडनावही बापाकडून मुलाकडे जाते आणि हे गुणसूत्रही. जवळजवळ निम्म्या साइक्समंडळींत एकच ठसा सापडला. म्हणजे हे नाव बहुधा एकाच मूळपुरुषापासून पसरले असावे. वैद्यांची अशी तपासणी केली तर काय निघेल, हे सांगायला प्रयोगशाळा नको. जिथे कोणी काढा उकळला, तिथे एक नवा मूळपुरुष जन्मला.

गंमत अशी की, हे नाव गाजवणाऱ्यांत वैद्यकी करणारे फारसे दिसत नाहीत. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य (१८६१–१९३८) हे इतिहासकार आणि आपल्या ग्वाल्हेर संस्थानाचे सरन्यायाधीश. परशुराम लक्ष्मण वैद्य हे संस्कृत-प्राकृताचे पंडित. जनरल अरुणकुमार वैद्य हे दोन महावीरचक्रे मिळवणारे सेनापती, १९८६ साली पुण्यात मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. भाई वैद्य हे समाजवादी नेते, पुण्याचे महापौर. पुराव्यासाठी नावाकडे पाहू नये, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

कारण आमच्या घरात पुरावा म्हणून नावच दाखवले जात असे. वडिलांनी १९५८ साली टावर चौकात दवाखाना थाटला. त्यांच्या औषधचिठ्ठीच्या पॅडवर नाव आणि पदवी यांखाली बारीक टाइपात एक ओळ असे : ‘शिंदे सरकारचे राजवैद्य घराणे’. आमचा पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर औषधांच्या पेट्या घेऊन माळव्यात उतरला, असे ते सांगत. विक्रमाच्या नवरत्नांत धन्वंतरीचे नाव घेणाऱ्या या नगरीत राजवैद्याची कथा कोणाला खोटी वाटणार? मीही ती ओळ जशीच्या तशी पुढे छापत राहिलो.

२०११ साली वडील गेले. अस्थी घेऊन मी आणि माझी मुलगी नाशिकला रामकुंडावर गेलो. तीर्थोपाध्यायांच्या वह्या आपणांस ठाऊक आहेतच. गुरुजींनी आडनाव विचारले, वह्या काढल्या, वैद्यांची पाने उलटली. उज्जैनचे वैद्य होते, पण ते आम्ही नव्हेत. मग त्यांनी मूळ गाव विचारले. संगमेश्वराजवळच्या खेड्याचे नाव सांगताच दुसरी वही निघाली आणि दहा मिनिटांत आजोबांची सही माझ्यापुढे आली. सन १९३१, स्वच्छ बाळबोध अक्षर : ‘जोशी ऊर्फ वैद्य, हल्ली मुक्काम उज्जैन’. त्याच्या वर शके १८२१ ची, म्हणजे १८९९ सालची, मोडीतली नोंद. गुरुजींनी ती वाचून दाखवली. पणजोबांची. आडनाव नुसते जोशी. मुक्काम एरंडोल, जिल्हा खानदेश. आणि धंदा? ‘टपाल हापीस, कारकून’.

राजवैद्य गेले, फौज गेली, पेट्याही गेल्या. मी गुरुजींना पुन्हा वाचायला लावले.

परतताना इंदूरला आत्याकडे उतरलो. ती तेव्हा पंच्याऐंशीची, स्मरण लखलखीत. मी सगळे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘अरे, भाऊंना हे ठाऊकच होतं. त्यांनी कधी राजवैद्य म्हटलंच नाही. ते तुझ्या बाबाचं.’’ भाऊ म्हणजे माझे आजोबा. मग तिने त्यांच्या तोंडून ऐकलेली हकीकत सांगितली.

त्या काळी सरकार क्विनिनच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला विकत असे. ही पद्धत १८९२ साली बंगालात सुरू झाली आणि पुढे इतर प्रांतांत गेली. हिवताप डासामुळे पसरतो हे रॉसने सिद्ध केले १८९७ साली. पुडी त्याच्याही आधीची. पणजोबा खिडकीत बसून पुड्या विकत. पण ते नुसते विकत नसत. ताप केव्हा चढतो, हुडहुडी किती वेळ राहते, हे विचारत. पुडी कडू लागते म्हणून लोक थुंकून टाकीत, तर समोर उभे करून पाण्याबरोबर गिळायला लावीत. पावसाळ्यात पैसा नसणाऱ्याचा पैसा स्वतः भरीत. कचेरी बंद झाल्यावरही लोक घरी येत. एरंडोलच्या आळीत त्यांना कोणी जोशी म्हणेना, ‘वैद्यबुवा’ म्हणू लागले. ते गेले तेव्हा माझे आजोबा जेमतेम सहा वर्षांचे. पणजीचे भाऊ उज्जैनला ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत होते. ती लेकराला घेऊन त्यांच्याकडे आली. मामा भाच्याला शाळेत घेऊन गेले. मास्तरांनी आडनाव विचारले. मामा काही बोलण्याआधी मुलाने उत्तर दिले, ‘वैद्य’. एरंडोलला सगळे त्याला वैद्यबुवांचा मुलगा म्हणत, म्हणून आपले नाव तेच, असे त्याला वाटत होते. मास्तरांनी दाखल्यात तेच लिहिले. मामांनी दुरुस्ती केली नाही.

आता डॉक्टर म्हणून विचार करा. १८९९ साली राजवैद्यांच्या पेट्यांत असलेल्या किती औषधांनी रोगी खात्रीने बरा होई? आणि त्या टपाल कारकुनाच्या हातातली एक पैशाची पुडी हिवतापावर खरोखर चाले. तरीही कबूल करतो, त्या रात्री आत्याकडे मला झोप लागली नाही. वडील खोटे बोलले असे म्हणवेना, आणि ते खरे बोलले असेही म्हणता येईना. बाप लहानपणीच गमावलेला मुलगा फार बोलला नसेल. मग नातवाने रिकाम्या जागी जे शोभले ते भरले.

पॅडवरची ती ओळ मी लगेच काढली नाही. त्यानंतर दोनदा पॅड छापले आणि दोन्ही वेळा ‘मागचेच टाका’ म्हणालो. मुलगीही आता दवाखान्यात बसते. तिने एकदा पॅड हातात घेऊन विचारले, ‘‘बाबा, ही ओळ कोणाची?’’ मी पेशंट बोलावला.

मनाला आधार म्हणून वाचन सुरू केले आणि इटलीला पोचलो. फ्लॉरेन्सचे मेदिची! ‘मेदिची’ या शब्दाचा अर्थच वैद्य, तोही अनेकवचनी. हे घराणे शहराच्या उत्तरेकडच्या मुजेल्लो खोऱ्यातले. त्यांच्या ढालीवर सोनेरी भूमीवर तांबडे गोळे असतात. कोणी म्हणतात या मूळपुरुषाच्या औषधी गोळ्या, कोणी म्हणतात सावकाराची नाणी. कॉस्मस आणि डेमियन या, फी न घेणाऱ्या जुळ्या वैद्य-संतांना त्यांनी आपले कुलरक्षक मानले. पण घराण्यात कोणी वैद्य होऊन गेल्याचा पक्का पुरावा नाही. फ्लॉरेन्समध्ये वैद्य आणि औषधविक्रेत्यांचा संघ होता, महाकवी दान्तेचे नावही त्यात होते. मेदिची मात्र सावकारांच्या संघातले. १३९७ साली त्यांनी पेढी काढली आणि पुढे पोपही त्या घरातून निघाले. हे वाचून माझ्या वडिलांचा फार मोठा अपराध झाला असे मला वाटेनासे झाले. आणि आजही उत्तर इटलीत मेदिची नावाची साधी माणसे राहतात, ज्यांचा त्या राजघराण्याशी काडीचा संबंध नाही. कोण्या खेड्यातल्या वैद्याचे ते वंशज असतील, म्हणजे नावाचे खरे हकदार तेच.

आडनावे टिकतात कशी, यावर फ्रान्सिस गाल्टनने १८७३ साली एक गणित मांडले आणि वॉटसन नावाच्या धर्मोपदेशकाने ते सोडवायला घेतले. वॉटसनच्या उत्तरात चूक होती, ती पुढे सुधारली गेली. सार असे : सरासरी एकाहून अधिक मुलगे असतील तरच नाव टिकण्याची काही शक्यता, नाहीतर ते आज ना उद्या विझणारच. गणित मुलींना मोजत नाही. मेदिचींच्या थोर शाखेची शेवटची व्यक्ती मुलगीच होती, आन्ना मारिया लुइझा. १७३७ साली तिने करार करून घराण्याची सारी चित्रे, शिल्पे आणि ग्रंथ नव्या राजवटीला दिले. अट एवढीच की, त्यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. १७४३ साली ती वारली. पर्यटक आज जे पाहायला जातात, ते तिच्या त्या अटीमुळे जागेवर आहे.

मला एकच मुलगी. गाल्टनच्या हिशेबात आमचे हे नाव आजोबांपासून सुरू होऊन माझ्यापाशी संपते.

गेल्या दिवाळीत फलक दुरुस्त होऊन आला. ‘द्य’ या वेळी मीच कागदावर मोठा काढून दिला होता. त्याच दिवशी पॅडही छापायला टाकले. राजवैद्यांची ओळ खोडली. तिच्या जागी काय टाकायचे, असे छापखान्याच्या मुलाने विचारले. काही नको, म्हणालो.

नाशिकची एक गोष्ट सांगायची राहिली. वहीत मी माझे नाव लिहिले आणि लेखणी परत करू लागलो, तेवढ्यात मुलीने हात पुढे केला. गुरुजी क्षणभर थबकले. मग त्यांनी वही तिच्याकडे वळवली आणि शाईची दौत सरकवली. माझ्या ओळीखाली तिने लिहिले : आपले नाव, सासरचे आडनाव, त्यापुढे ‘ऊर्फ वैद्य’. धंद्याच्या रकान्यात लिहिले, ‘डॉक्टर, टावर चौक, उज्जैन’. वर पणजोबांची मोडी होती. ती तिला वाचता येत नव्हती, म्हणून तिने गुरुजींना विचारले, ‘‘यात टपाल हापीस कुठे लिहिलंय?’’ त्यांनी बोट ठेवून दाखवले.