कॅमचा एक दात

मोटारीचे इंजिन हा कलाशाखेच्या विद्यार्थ्याने लिहिण्याचा विषय नव्हे, असे आमच्या वर्गमित्रांचे मत पडले. वाचकांचेही कदाचित तसेच असेल. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत तत्त्वज्ञानाची पुस्तके बाजूला ठेवून मी जे शिकलो, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या घरी 1984 सालची अँबॅसडर आहे. ही गाडी पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथे तयार होत असे. 2014 साली तिचे उत्पादन थांबले. इंजिन मूळच्या इंग्रजी आराखड्याचे, चार सिलिंडरचे, 1489 सी. सी. चे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, या गाडीवर आयुष्य काढले. अलीकडे ती धूर ओकू लागली होती. नोंदणीची मुदत संपत आलेली, आणि चालत नसलेली गाडी तपासणीला न्यायची कशी? भंगारवाला दोनदा येऊन पाहून गेला होता. अण्णांच्या हाताला कंप असल्यामुळे त्यांना पाना धरवत नाही. तेव्हा ठरले असे की, हात माझे आणि डोके त्यांचे.

इंजिन उतरवणे, रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह घासणे यांत बारा दिवस गेले. ते वर्णन मी गाळतो. खरी परीक्षा टायमिंगची.

प्रत्येक सिलिंडरमध्ये चार कामे क्रमाने होतात: पेट्रोलमिश्रित हवा आत घेणे, ती दाबणे, पेटवणे आणि जळका वायू बाहेर टाकणे. तेवढ्यात पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो, म्हणजे क्रँकचे दोन फेरे होतात. आत घेणारा व्हॉल्व्ह मात्र त्यात एकदाच उघडतो, बाहेर टाकणाराही एकदाच. हे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅम. म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एकच फेरा व्हावा लागतो. त्यासाठी कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दात असतात, आणि दोन्ही चाके साखळीने जोडलेली असतात. दांड्यावरचे उंचवटे कारखान्यातच ठरलेले. आपल्या हाती एवढेच की, साखळी कोणत्या दातावर चढवायची.

दोन्ही चाकांवर एकेक ठिपका असतो. पहिला पिस्टन अगदी वर आणायचा, दोन्ही चाके साखळीत आधीच अडकवून ठिपके समोरासमोर धरायचे आणि चाके एकदमच आपापल्या दांड्यावर सरकवायची. दोन्ही ठिपके दोन चाकांच्या मध्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर यावे लागतात. अण्णांनी बजावले होते, "खाली बस, समोरून बघ, पट्टी लावून बघ." मी उभ्यानेच वरून पाहिले. ठिपके समोरासमोर दिसले. हाताने क्रँकचे दोन फेरे दिले, कुठे अडले नाही. अडले नाही म्हणजे बरोबर आहे, असे मी धरून चाललो. (तर्कशास्त्राच्या पेपरात याच चुकीबद्दल मी इतरांना हसत असे!)

इंजिन सुरू झाले, पण रडतखडत. जागच्या जागी अडखळे, आणि गल्लीच्या चढावर पहिल्या गियरमध्येही दम टाकी. दोन दिवस मी कार्बुरेटर आणि डिस्ट्रिब्युटर यांच्याशी झटापट केली. भंगारवाल्याचा निरोप आला तो याच वेळी.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, "रॉकर कव्हर काढ, प्लग काढ, आणि चौथ्याचे व्हॉल्व्ह बघ."

यात खुबी अशी. पहिला आणि चौथा पिस्टन नेहमी बरोबरच वर येतात. त्यांपैकी एकात मिश्रण दाबलेले असते, तर दुसऱ्यात जळका वायू जाणे संपत येऊन नवी हवा येणे सुरू होत असते. त्या दुसऱ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या क्षणी थोडे थोडे उघडे असतात. एक मिटत असतो, दुसरा उमलत असतो. कॅम बरोबर असेल तर दोघांची उघडीक साधारण सारखी दिसते. म्हणून टायमिंगचे झाकण न काढताही कॅमची चूक पकडता येते. (ठिपके जुळले म्हणजे पहिल्यातच ठिणगीची वेळ आली, असेही समजू नये. ते व्हॉल्व्हच सांगतात. डिस्ट्रिब्युटर उलटा बसण्याचे कारण बहुधा हेच असते.)

मी हँडलने इंजिन फिरवून पुलीची खूण जुळवली. आमच्या इंजिनात पुढून सातवा व्हॉल्व्ह चौथ्या सिलिंडरचा आत घेणारा आणि आठवा बाहेर टाकणारा. आठवा चांगलाच दबलेला होता, सातवा हललाही नव्हता. म्हणजे कॅम मागे पडला होता.

किती? चाळीस दातांच्या चाकावर एक दात म्हणजे नऊ अंश. क्रँक दुप्पट फिरतो, म्हणून तिथे अठरा. तबलजी समेवर दरवेळी थोडा उशिरा पोचावा, तसा हा प्रकार. आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आणि वर निघालेला पिस्टन नुकतीच घेतलेली हवा परत बाहेर ढकलतो. मग दाब यायचा कुठून आणि चढ चढायचा कसा? काही इंजिनांत तर अशा चुकीने व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. आमचे तेवढ्यावर निभावले.

रेडिएटर पुन्हा उतरवला, पुली काढली, झाकण उघडले. या वेळी मी जमिनीवर बसकण मारली आणि शाळेतली लाकडी पट्टी दोन्ही मध्यांवर धरली. वरचा ठिपका पट्टीच्या बाहेर होता. अण्णा मागे खुर्चीवर होते. ते काही बोलले नाहीत, ही त्यांची कृपा.

साखळी एक दात सरकवली. आता सातवा आणि आठवा सारखेच किंचित दबलेले दिसले. संध्याकाळी सगळे जागेवर बसवून हँडल मारले. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन लागले. अण्णा पुढच्या सीटवर येऊन बसले, डॅशबोर्डवर हात ठेवून थोडा वेळ ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, "घे चढावर."