सेन्सॉरच्या टेबलावर रानटी
(लेखांक ९)

मागच्या आठवड्यात गॉर्डिमरबाईंच्या 'जुलैज पीपल' या कादंबरीतल्या पिवळ्या गाडीत बसायचं ठरलं होतं. ती गाडी आज निघत नाही. नागपूरच्या एका वाचक प्राध्यापिकांचं पत्र आलंय आणि त्यांनी असा प्रश्न टाकलाय की तो बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमेना. त्या विचारतात, कर्नल जॉलचा काळा चष्मा, कोठडीत मेलेला म्हातारा, रानटी म्हणून धरून आणलेल्या मुलीचे मोडलेले घोटे, हे सगळं १९८० साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारच्या नाकाखाली वाचकांपर्यंत पोहोचलंच कसं? कुट्सींच्या 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स' या कादंबरीवर बंदी का आली नाही?

यावर एक तयार उत्तर आहे. कादंबरीत कुठल्या देशाचं नाव नाही, सनावळी नाही. साम्राज्य आहे, पण कुठलं ते सांगितलेलं नाही. वाळवंट, तलाव, हिवाळ्यातला बर्फ, यातलं काहीच केप टाऊनचं किंवा जोहान्सबर्गचं वाटत नाही. तेव्हा सरकारला बिचाऱ्याला कळलंच नसणार की हे आपल्यावर आहे.

मला हे उत्तर कधीच पटलं नाही. सुरुवातीचं एकच पान घ्या. म्हातारा कैदी चौकशीत मरतो आणि चौकशीसाठी आलेला साम्राज्याचा अधिकारी जॉल त्याचा लेखी अहवाल देतो. अहवालाचा मथितार्थ असा: जबानीत विसंगती निघाल्या, त्या दाखवल्यावर कैदी खवळून अधिकाऱ्याच्या अंगावर गेला, झटापट झाली, तो भिंतीवर आपटला. मग सरहद्दीवरच्या त्या गावाचा मॅजिस्ट्रेट, म्हणजे कादंबरीचा निवेदक, प्रेत बघतो. फुटलेले ओठ, तुटलेले दात, आणि एका डोळ्याच्या जागी नुसती खोबण. अहवालातल्या कोरड्या भाषेला त्या खोबणीचा पत्ताच नाही.

आता १९७७ चा सप्टेंबर आठवा. कृष्णवर्णीयांचा तरुण नेता स्टीव्ह बिको पोर्ट एलिझाबेथला पोलिसांच्या ताब्यात असताना त्याच्या मेंदूला मार बसला. त्या अवस्थेत त्याला उघडाच गाडीत घालून शेकडो मैलांवर प्रिटोरियाला नेलं आणि १२ तारखेला तो तिथे मेला. पोलिसांनी काय सांगितलं? झटापट झाली, डोकं भिंतीवर आपटलं. चौकशी करणाऱ्या मॅजिस्ट्रेटने कोणालाही दोषी धरलं नाही. त्याआधी १९७१ मध्ये अहमद तिमोल हा भारतीय वंशाचा तरुण शिक्षक जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडून मेला. ती आत्महत्या ठरली, आणि तो निकाल फिरायला २०१७ साल उजाडलं. अशा देशात जॉलचा अहवाल वाचून कुणाला काही आठवलं नसेल, असं मानायचं तर वाचणारा ठार निर्बुद्ध असायला हवा.

आणि वाचणारे निर्बुद्ध नव्हते. माझ्या लेखी खरी गंमत इथून सुरू होते. त्या काळच्या सेन्सॉरच्या फायली पुढे संशोधकांना खुल्या झाल्या. पीटर मॅक्डॉनल्ड यांनी त्या धुंडाळून 'द लिटरेचर पोलीस' हे पुस्तक २००९ मध्ये काढलं. सेन्सॉर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल पेन्सिल घेतलेला मठ्ठ कारकून येतो. फायलींमध्ये भेटतात ते साहित्याचे प्राध्यापक, लेखक, निवृत्त शिक्षणतज्ज्ञ. चांगलं पुस्तक कोणतं हे त्यांना कळत होतं, आणि आपण साहित्याचे राखणदार आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्यातल्या काहींशी कुट्सींची ओळख होती, उठबस होती. आपल्या पुस्तकांवरचे अभिप्राय यांनी लिहिलेत, हे त्यांना पुष्कळ वर्षांनी कळलं.

'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स'वरच्या अभिप्रायात छळाची दखल आहे, पुस्तक उदास करणारं आहे अशी नोंद आहे, वाङ्मयीन गुणवत्तेची कबुलीही आहे. पारडं झुकवणारा मुद्दा मात्र निराळाच. हे पुस्तक लोकप्रिय होण्यासारखं नाही, ते वाचतील ते मूठभर जाणकार. तेव्हा चालू द्या.

हा शेरा मी पुन्हा पुन्हा वाचतो. कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९७४ च्या प्रकाशन कायद्याने पुस्तक 'अनिष्ट' ठरवण्याचे अधिकार समित्यांना दिले. अंद्रे ब्रिंकची 'केनिस फान दी आंद' ही त्याच वर्षी बंदी आलेली पहिली आफ्रिकान्स कादंबरी. पुढे एत्येन लरूच्या कादंबरीवर बंदी आली आणि आफ्रिकान्स साहित्यविश्वच, म्हणजे सरकारचं घरचं माणूस, चवताळून उठलं. मग १९७८ ला दुरुस्ती झाली, तज्ज्ञांच्या मताला वजन आलं, आणि पुस्तकात काय आहे याच्या बरोबरीने ते वाचणार कोण हेही बघितलं जाऊ लागलं.

ते वाचणार कोण! आठ आठवडे आपण सुसंस्कृत आणि रानटी यांच्यातल्या ज्या सीमेबद्दल बोलतोय ती इथे सरकारी कागदावर आखलेली सापडते. इकडे सुसंस्कृत वाचक. त्याला छळाचं वर्णन वाचायला दिलं तर तो सुस्कारा सोडेल, फार तर शैलीची चर्चा करेल. तिकडे दुसरा वाचक, जो वाचून पेटेल. रानटी या दुसऱ्या वाचकातच दबा धरून बसलेला आहे, अशी ती धारणा. पुस्तकातल्या रानट्यांची सेन्सॉरला फिकीर नव्हती.

हे मी पदरचं सांगत नाही, दुसऱ्या टोकाची पुस्तकं बघा. १९७८ मध्ये जोहान्सबर्गच्या रेव्हन प्रेसने 'स्टाफरायडर' हे नियतकालिक सुरू केलं. गच्च भरलेल्या लोकलला बाहेरून लटकून जाणाऱ्या पोरांना तिकडे स्टाफरायडर म्हणतात. विरार लोकल पाहिलेल्याला याहून जास्त सांगायला नको. सोवेटोसारख्या काळ्या वस्त्यांमधल्या तरुणांचं लेखन त्यात यायचं आणि त्याच वस्त्यांमध्ये ते हातोहात खपायचं. पहिल्याच अंकावर बंदी आली. त्यातून पुढे आलेला मुतुतुझेली मात्शोबा. त्याचा 'कॉल मी नॉट अ मॅन' हा कथासंग्रह १९७९ चा. शीर्षककथेत राखीव पोलीस पगार घेऊन घरी निघालेल्या मजुरांना अडवतात, धाक घालून पैसे उकळतात, आणि आजूबाजूची माणसं मुकाट बघत राहतात. 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स'मधल्या छळापुढे ही मारहाण किरकोळच म्हणायची. पण हे पुस्तक बंद, आणि ते चालू.

यात कुट्सींचा दोष काढायचा माझा हेतू नाही. कादंबरी थोर आहे, मी ती कितीदा वाचली याला गणती नाही. पण तिच्या थोरवीचं एक प्रमाणपत्र सेन्सॉरनेही दिलंय, आणि ते हातात घेताना मला अवघडल्यासारखं होतं. शिवाय ते प्रमाणपत्र देणारा माणूस कादंबरीतच आहे. तो जॉल नव्हे. तो मॅजिस्ट्रेट. वाचनाची आवड असलेला, जुने अवशेष उकरणारा, क्रौर्याचा तिटकारा असलेला, आणि तरी वर्षानुवर्षं साम्राज्याचा पगार घेणारा. शेवटी तो स्वतःच ओळखतो की जॉल आणि आपण एकाच सत्तेची दोन रूपं आहोत. दिवस बरे असताना तिने लावायचा सौम्य मुखवटा म्हणजे आपण. अभिप्राय लिहिणाऱ्या प्राध्यापकाने ते पान वाचलंच असणार. वाचून काय वाटलं, ते फायलीत नाही.

गॉर्डिमरबाईंना हा कावा लवकर उमगला होता. त्यांच्या 'बर्गर्स डॉटर'वर १९७९ मध्ये बंदी आली आणि काही महिन्यांत उठली. का? तर अपील मंडळाच्या मते पुस्तक इतकं एकांगी आहे की त्याचा परिणाम उलटाच होईल. या मेहेरबानीवर खूश न होता बाईंनी १९८० मध्ये सगळं प्रकरण कागदपत्रांसह छापलं आणि दाखवून दिलं की गोऱ्या, जगभर नाव असलेल्या लेखिकेला जे मिळतं ते काळ्या लेखकांना मिळत नाही.

त्यानंतर वर्षभरात त्यांची 'जुलैज पीपल' आली. ज्यांनी मागच्या आठवड्यात ती वाचायला घेतली असेल त्यांनी पुढच्या खेपेपर्यंत गाडीच्या किल्ल्या कुणाच्या खिशात आहेत, एवढ्यावर लक्ष ठेवावं.