यंत्राज्ञेतील अनुवृत्ती : जुन्या अंकनियंत्रित लघुयंत्रांचा प्रारंभिक परिचय

संगणकीय अंकनियंत्रणावर चालणारी, म्हणजे व्यवहारात ज्यांना सी.एन.सी. म्हणतात ती, लहान कातयंत्रे व मिलिंग यंत्रे १९८०च्या दशकात तंत्रशाळांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार झाली. ऑस्ट्रियातील एम्को या कंपनीचे ‘कॉम्पॅक्ट ५ सी.एन.सी.’ हे टेबलावर मावणारे कातयंत्र त्यांचा ठळक नमुना होय. अशी यंत्रे आता जुन्या बाजारात मिळतात. त्यांचा सांगाडा, स्क्रू व मुख्य दंड पुष्कळदा सुस्थितीत असतात. कालबाह्य झालेला असतो तो नियंत्रक, आणि त्याच्याबरोबर तो नियंत्रक जी भाषा जाणत होता ती बोली. म्हणून अशा यंत्रावर काम आरंभू इच्छिणाऱ्याने प्रथम यंत्राच्या भाषेचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

या भाषेस ‘जी-कोड’ असे नाव रूढ आहे. १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अंकनियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्या काळी आज्ञा छिद्रित कागदी फितीवरून वाचल्या जात. साहजिकच भाषा अल्पाक्षरी राहिली. तिच्यातील प्रत्येक ‘शब्द’ म्हणजे एक रोमन अक्षर व त्यापुढील संख्या. एक्स, वाय, झेड ही अक्षरे अक्ष दर्शवितात; एफ ही हत्याराची सरकगती, एस ही दंडाची फेरगती; जी-शब्दांनी हालचालीचा प्रकार व मोजमापाची पद्धत ठरते, तर एम-शब्दांनी दंड सुरू-बंद करण्यासारखी साहाय्यक कामे होतात. शब्दांची एक ओळ, म्हणजे ‘ब्लॉक’, हे या भाषेतील वाक्य होय.

या वाक्याचा अर्थ मात्र त्या वाक्यात पुरता सामावलेला नसतो. पाणिनीय सूत्रपाठात पूर्वसूत्रातील पद पुढील सूत्रांत अनुवृत्त होते, त्याचप्रमाणे येथे बहुतेक जी-शब्द एकदा उच्चारले की त्यांच्या गटातील दुसरा शब्द येईपर्यंत अमलात राहतात. हत्यार एक्स-अक्षावर १० मिलिमीटरच्या खुणेवर आहे आणि ओळीत केवळ ‘एक्स २०’ एवढेच आहे, असे समजा. पूर्वी ‘जी ९०’ आलेला असेल, तर संख्या मूळबिंदूपासून मोजली जाते व हत्यार २०वर थांबते. ‘जी ९१’ आलेला असेल, तर तीच संख्या चालू स्थानापासून मोजली जाते व हत्यार ३०वर जाते. एककाचेही तसेच. अर्धवट थांबविलेल्या आधीच्या कामातून ‘जी २०’, म्हणजे इंच-माप, अमलात राहिले असेल, तर पुढील कामातील प्रत्येक अंतर २५.४ पट होते. यास्तव कोणताही कार्यक्रम अनुवृत्तीवर विसंबून सुरू करू नये. मिलिंग यंत्रासाठी ‘जी २१ जी ९० जी १७ जी ४० जी ९४’ अशी पहिली ओळ लिहिली असता मिलिमीटर-माप, निरपेक्ष मोजणी, एक्स-वाय प्रतल, हत्यार-त्रिज्येच्या दुरुस्तीचा अभाव व प्रतिमिनिट सरकगती या पाचही गोष्टी स्पष्ट होतात.

दुसरी अडचण बोलीभेदाची. अमेरिकेतील आर.एस. २७४-डी (१९८०) व आंतरराष्ट्रीय आय.एस.ओ. ६९८३ (१९८२) ही प्रमाणके निघाली, तरी उत्पादकांनी अनेक संकेतांना आपापले अर्थ दिले. ‘जी ८४’ हा शब्द सामान्यतः मिलिंग यंत्रावर आटे पाडण्याचे चक्र दर्शवितो. कॉम्पॅक्ट ५वर तो लांबीच्या दिशेने कातण्याचे चक्र होय. संख्येचे वाचनही सारखे नाही. दशांशचिन्हाविना लिहिलेले ‘२५०’ कॉम्पॅक्ट ५वर शतांश मिलिमीटरांत, म्हणजे २.५ मिलिमीटर, ठरते. फानुक नियंत्रकांच्या प्रचलित मांडणीत ते ०.२५ मिलिमीटर होते. आणि आजच्या मुक्त प्रणालींत मिलिमीटर-माप असता पुरे २५० मिलिमीटर. मनुष्य असा फरक संदर्भाने सावरून घेतो. यंत्र मात्र हत्यार सरळ चकवर नेऊन आदळते.

मूळ नियंत्रक काढून नवा बसवावयाचा झाल्यास दोन मार्ग विशेष प्रचलित आहेत. ‘लिनक्स-सी.एन.सी.’ या प्रणालीचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने १९९०च्या दशकात केलेल्या कामात आहे. समांतर पोर्ट वापरल्यास यात मोटरीचे स्पंद संगणक स्वतःच निर्माण करतो. त्यास क्षणाचाही विलंब झाला तर पावले चुकतात. म्हणून आरंभीच संगणकाची विलंब-चाचणी घ्यावी. २००९ साली सुरू झालेल्या ‘जीआरबीएल’मध्ये स्पंदांचे काम आर्डुइनोसारखे छोटे पटल करते व संगणक केवळ ओळी पाठवितो. ही व्यवस्था स्वस्त व सुटसुटीत आहे. परंतु मूळ जीआरबीएलमध्ये ‘जी ८१’सारखी छिद्रचक्रे नाहीत, दंडाच्या फेऱ्यांशी मेळ राखून आटे पाडण्याची सोयही नाही. कातयंत्रावर आटे पाडावयाचे असतील, तर पहिलाच मार्ग श्रेयस्कर.

नियंत्रकास यंत्राचे माप शिकवावे लागते. मोटर एका फेरीत २०० पावले घेत असेल व एका फेरीने स्क्रू ५ मिलिमीटर सरकवीत असेल, तर प्रतिमिलिमीटर ४० पावले पडतात. प्रत्येक पावलाचे ८ भाग केल्यास ३२०. हा अंक भरल्यावर डायल गेजने प्रत्यक्ष सरक तपासावी. दिशा उलटताना स्क्रूची किती मोकळीक वाया जाते, हेही त्याच वेळी मोजावे. आपत्कालीन बटन मोटरींचा वीजपुरवठा थेट तोडणारे असावे. ते केवळ प्रणालीच्या भरवशावर ठेवू नये. पहिला कार्यक्रम हत्यार जॉबपासून दूर ठेवून हवेत चालवावा, दुसरा मेणावर, आणि त्यानंतरच धातूला हात घालावा.

खरेदीच्या वेळी मूळ हस्तपुस्तिका आवर्जून मागून घ्यावी. प्रत्येक नियंत्रकाच्या बोलीचा कोश व व्याकरण तीच असते. ती हरवली, तर यंत्राबरोबर आलेले जुने कार्यक्रम वाचता येतात, परंतु त्यांतील संख्यांचा व चक्रांचा अर्थ निश्चित करता येत नाही. आणि अर्थ अनिश्चित असलेली आज्ञा यंत्रास देणे केव्हाही युक्त नव्हे.