रुग्णालय बंद पडले तर उपचार कुठे?

१७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरी पूर्वेच्या ईएसआयसी कामगार रुग्णालयाला आग लागली. किमान आठ जणांचा जीव गेला, शंभराहून अधिक जखमी झाले. रुग्णांना कूपर, होली स्पिरिट, जोगेश्वरीचे ट्रॉमा केअर अशा रुग्णालयांत हलवावे लागले. त्यानंतर कित्येक वर्षे हे रुग्णालय पूर्ण क्षमतेने चालू शकले नाही. योजनेची दुसरी रुग्णालये कांदिवली, मुलुंड अशा ठिकाणी. खाडा करून तिथवर जाणे सर्वांना जमत नाही. पगारातली विम्याची कपात मात्र चालूच राहिली.

हा विमा कामगारांनी स्वतःच्या पैशाने कमावलेला हक्क आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्यावर अहवाल दिला. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला.

मोठ्या कंपन्या संकटातही काम चालू राहावे म्हणून 'बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन' तयार ठेवतात. आपण त्याला सेवा-सातत्य आराखडा म्हणूया. अग्निशमन यंत्रणा पहिल्या तासात जीव वाचवते. दुसऱ्या दिवसापासून रुग्णांचे काय, हे हा आराखडा सांगतो. त्यात चार गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्या लागतात.

१. डायलिसिस, प्रसूती, टीबीची औषधे अशा कोणत्या सेवा थांबूच शकत नाहीत?
२. त्या कोणत्या रुग्णालयात, कोणत्या कराराने चालतील?
३. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार कुठे रुजू होतील?
४. रुग्णांच्या नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे?

आराखड्याची अधूनमधून तालीमही व्हायला हवी, नाहीतर तो कपाटात धूळ खातो.

पैसेवाला रुग्ण शेजारच्या खासगी रुग्णालयात जातो. आपल्या वस्तीतल्या माणसाला दुसरा दरवाजा नसतो. सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेवर न देणे म्हणजे कलम २१ चा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे.

म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सुचवतो की घाटकोपरचे राजावाडी, कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय किंवा आपल्या भागातले कोणतेही सार्वजनिक रुग्णालय निवडा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. आराखड्याची प्रत, शेवटच्या तालमीची तारीख आणि पर्यायी रुग्णालयाशी झालेला करार मागा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आलेले उत्तर विहारातल्या रविवारच्या बैठकीत वाचून दाखवा. 'आराखडा उपलब्ध नाही' असे आले, तर पुढचे निवेदन त्याच ओळीपासून सुरू करा.

जय भीम!